झारेकरी

नळाला पाणी दर चौथ्या दिवशी.
तेही रात्री अडीचला, वॉल्व्ह फिरवणाऱ्या बिरूच्या मर्जीनं.
आधी पाइप खोकतो, मग थुंकतो,
मग गंजाच्या रंगाचं काहीतरी येतं, ते सोडून द्यायचं
(म्हणजे भांड्यांच्या टबात सोडायचं),
आणि पुढं पाऊण तास
विट्यातली आमची अख्खी गल्ली जागी असते,
कुणी कुणाशी बोलत नाही.

या घरात पाणी मी मोजते.
पिंप निळं, दोनशे लिटरचं.
अंघोळीला माणशी एक बादली,
तांदूळ धुतलेलं फरशीला, फरशीचं अंगणाला.
एवढं करून चौथ्या दिवशी
पिंपावर चापट मारली की
ठण्ण.
कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं असं नाही.

मामंजी सेलमची गलाई सोडून कायमचे आले
तेव्हा त्यांच्या गुडघ्यांसाठी कमोड बसवला.
पांढराशुभ्र. टाकी भली मोठी.
एक खटका, दहा लिटर.
कपभर कामाला
माझी अख्खी कळशी.

सासऱ्यांना कसं सांगायचं, की
रात्री तीनदा उठता, ते मला पिंपात ऐकू येतं?
सुनेनं बोलायच्या गोष्टी का या?
मी नुसतं पहाटे पिंपाचं झाकण
जरा जोरात ठेवायचे.

शेवटी वॉशर बदलायला शहाबुद्दीन मुलाणी आला.
टाकीत कोपरापर्यंत हात घालून म्हणाला,
"वहिनी, आतलं मशीनच बदलू. दोन बटणांचं येतं.
बारक्या कामाला बारकं, मोठ्याला मोठं.
तीन लिटर, सहा लिटर.
साडेसहाशे, माझी मजुरी धरून."
आणि सामान येईपर्यंत म्हणून
वाळू भरलेली एक बाटली त्यानं टाकीत उभी केली.
नुसती जागा अडवून
घराच्या उपयोगी पडलेलं कुणी
मी पहिल्यांदाच पाहिलं.

बटणं आली.
मामंजी आठवडाभर दोन्ही एकदम दाबत.
"खात्री नको का?"

एका संध्याकाळी वीज गेली होती.
पायरीवर बसून ते आपणहूनच बोलू लागले.
"दुकानात हात धुवायला एकच बादली.
आम्ही चौघं, दिवसभर, त्याच पाण्यात.
ते वतायचं न्हाई. महिनाभर निवळू द्यायचं,
तळाचा गाळ वाळवायचा,
झाडलोटीची धूळ त्यात, फाटक्या बनियनची राखसुद्धा,
मग मुशीत.
कधी ग्रॅम निघायचा, कधी दीड.
मालक म्हणायचा, मोरीला वाटच ठेवू नका रं."
बोलता बोलता थांबले.
आतल्या दाराकडं बघत राहिले.

मी काही म्हणाले नाही.
उठून कणीक मळायला घेतली.

त्या रात्री चप्पल वाजली. दार. कडी.
मग आवाज आला, अर्धाच,
बोलायला तोंड उघडून कुणी गप्प व्हावं तसा.
पुन्हा दोनच्या सुमाराला. अर्धाच.
मी कुशीवर वळले.

वाचलेलं पाणी दाखवता येत नाही.
ते तळाशी बसत नाही, चकाकत नाही,
ताजव्यात घालून चार माणसांना सांगता येत नाही.
नणंद आली होती, म्हणाली, बटणं कसली ही, लिफ्ट आहे का?
मामंजींनी तिला दारात उभं करून समजावलं,
कुठलं कशाला, बोट लावून,
कस घासून बघायला शिकवावं तितक्या गंभीरपणे.
लाज तिला वाटली. त्यांना नाही.

आज चौथा दिवस.
बिरू यायला अजून बराच अवकाश आहे.
जाता जाता पिंपावर चापट मारली.
बद्द.
मी पुन्हा मारली.